सीथ्रीआर करून घे, पण आधी भावाचे डोळे दाखव

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणारी मुलगी २४ वर्षांची आहे. मूळची सोलापूर जिल्ह्यातली, नोकरी पुण्यात आयटी कंपनीत. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. चष्म्यामुळे कुणी नकार देऊ नये म्हणून आईच्या आग्रहाखातर ती लेसरनं नंबर घालवायला गेली, तर तिथल्या तपासणीत केरॅटोकोनस (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) निघाला आणि त्यांनी लेसरला साफ नकार दिला. उजव्या डोळ्याला चष्मा लावून ६/१८ दिसतं, डाव्याला ६/६, म्हणजे पूर्ण. उजव्याचा सिलिंडर नंबर दोन वर्षांत दीडवरून पावणेचारवर गेला आहे. त्याच डोळ्याच्या कॉर्नियाची जाडी सर्वांत पातळ जागी ४५५ मायक्रॉन भरली. कॉर्नियाच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचं सीथ्रीआर (कॉर्निया ताठर करून आजार रोखण्याचा उपचार) लवकर करायला आणि डाव्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आहे. वडील म्हणतात, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू, आणि तोवर कुठे बोलायचं नाही. मावशी म्हणते, दुसरीकडे लेसर करून देतात. काकांनी नेत्रतर्पण (डोळ्यांवर औषधी तूप धरण्याचा आयुर्वेदिक उपचार) आणि डोळ्यांचे व्यायाम सुचवलेत. आईच्या मते हे सगळं मोबाइलमुळे झालं. मुलीचा स्वतःचा प्रश्न असा आहे: ‘सीथ्रीआर करूनही चष्मा जाणार नाही, दिसणं सुधारणार नाही आणि शेवटी बुबुळ बदलावंच लागणार, तर हा खर्च आणि त्रास कशाला? मी आंधळी होणार का?’ पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: ‘माझा १३ वर्षांचा भाऊही सारखे डोळे चोळतो, पण त्याला फक्त ॲलर्जी आहे, पप्पा मेडिकलमधून ड्रॉप आणतात, ते घातले की बरं वाटतं.’

मी डोळ्यांची डॉक्टर, तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून एकेरीतच लिहिते.

आधी ‘आंधळी होणार का’ याचं उत्तर देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. नाही होणार. केरॅटोकोनसमध्ये डोळ्याचा मागचा पडदा आणि मेंदूकडे जाणारी नस दोन्ही धडधाकट असतात. बिघाड असतो तो अगदी पुढच्या पारदर्शक भागात, ज्याला आम्ही कॉर्निया म्हणतो. उपचार न करता आजार वाढू दिला तर नजर इतकी अंधूक होऊ शकते की चष्म्यानं भागत नाही, गाडी चालवणं आणि स्क्रीनवर काम करणं अवघड होऊन बसतं. ही गोष्ट लहान नाही. पण डोळ्यांपुढे काळोख होणं वेगळं, आणि तो या आजाराचा शेवट नाही.

आता हा आजार नेमका काय ते सांगते, कारण तुझ्या घरातले चारही सल्ले तो न समजल्यामुळे आलेत. कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवून पडद्यावर आणण्याचं दोन तृतीयांश काम तो एकटा करतो, म्हणून त्याचा आकार किंचित बिघडला तरी चित्र बिघडतं. त्याची ताकद कोलॅजनच्या बारीक धाग्यांत असते. हे धागे ढिले पडले की आतल्या दाबानं कॉर्निया पातळ होत होत पुढे येतो, बहुधा मध्याच्या जरा खालच्या बाजूला. वापरून वापरून नवारीच्या खाटेला झोळ पडतो ना, तसाच प्रकार. चेंडूसारखा गोल पृष्ठभाग हळूहळू शंकूसारखा होतो. मग समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला शेपट्या फुटतात, एका अक्षराच्या मागे दुसरं पुसट अक्षर दिसतं, आणि एक डोळा झाकला तरी ते जात नाही. नंबर वाढत राहतो, मुख्यतः सिलिंडरचा, आणि नवा चष्मा सहा महिन्यांत पुन्हा ‘बसत नाही’. दोन्ही डोळ्यांत असतो, पण सारखा नसतो; एक पुढे, एक मागे. तुझा उजवा पुढे आहे.

हे बहुतेक वेळा किशोरवयात सुरू होतं, विशी-तिशीत वाढतं आणि चाळिशीच्या आसपास आपोआप मंदावतं. मोबाइलमुळे होत नाही, हे आईला माझ्या नावानं सांग. मोबाइलनं डोळे कोरडे पडतात, कोरडे डोळे चुरचुरतात आणि चुरचुरले की माणूस चोळतो, एवढाच त्याचा दूरचा संबंध. डोळे चोळण्याचा संबंध मात्र थेट आहे, त्याकडे मी येतेच.

आता तुझा मुख्य प्रश्न. ‘चष्मा जाणार नाही आणि दिसणंही सुधारणार नाही, तर सीथ्रीआर कशाला?’ ओपीडीत हा प्रश्न मी अनेक आई-वडिलांकडून ऐकला आहे आणि तो रास्त आहे. पण त्यात दोन वेगळी कामं एकत्र बांधली गेली आहेत. आजार जिथे आहे तिथे रोखणं हे एक काम, आणि आहे त्या आकाराच्या कॉर्नियातून स्पष्ट दिसेल असं करणं हे दुसरं. सीथ्रीआर पहिल्या कामासाठी आहे. चष्मा आणि लेन्स दुसऱ्या कामासाठी आहेत, आणि त्यांनी आजार रोखला जात नाही. कुणी तुला ‘आमची लेन्स लावली की केरॅटोकोनस वाढत नाही’ असं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. सीथ्रीआरनंतर काहींचा शंकू एखाद-दोन नंबरांनी सपाट होतो आणि थोडं बरं दिसू लागतं, पण ते मिळालं तर वरकड समजायचं. आज ६/१८ दिसतं ते पाच वर्षांनी ६/६० होऊ नये, यासाठी हा खटाटोप आहे.

‘शेवटी बुबुळ बदलावंच लागणार’ हे तू कुठून घेतलंस ते पत्रात नाही. ते खरं नाही. केरॅटोकोनसच्या बहुतेक रुग्णांना आयुष्यभरात बुबुळाचं, म्हणजे कॉर्नियाचं, प्रत्यारोपण लागत नाही. ज्या वेळी आजार रोखायला काहीच हातात नव्हतं, त्या वेळीही बरेच जण कडक लेन्सवर आयुष्य काढत. आता रोखायचा उपाय आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये वोलेनसाक, श्पोर्ल आणि सायलर यांनी तो शोधून २००३ साली रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष छापले. अमेरिकेतल्या औषध प्रशासनानं २०१६ साली त्याला मान्यता दिली. आपल्याकडे तो त्याच्या बराच आधीपासून होतो आहे.

त्या दिवशी काय होतं, ते तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. सुई नाही, टाके नाहीत, ॲडमिट व्हायची गरज नाही. डोळा ड्रॉप घालून बधिर करतात, पापण्या मिटू नयेत म्हणून क्लिप लावतात. कॉर्नियावरचा सगळ्यात वरचा पातळ थर मधल्या आठ-नऊ मिलिमीटरच्या गोलात हलक्या हातानं खरवडून काढतात. मग दर दोन-तीन मिनिटांनी रायबोफ्लेविनचा पिवळाधमक थेंब टाकत जातात. हे जीवनसत्त्व बी-टूच, पण गोळ्या खाऊन हा परिणाम मिळत नाही; ते कॉर्नियात मुरावं लागतं. अर्ध्या तासानं निळसर-जांभळ्या अतिनील प्रकाशाचा दिवा डोळ्यावर आणतात. मूळ पद्धतीत तो आणखी अर्धा तास असतो, जलद पद्धतींत दहा मिनिटांच्या आसपास. तू पडून फक्त त्या दिव्याकडे बघायचं. प्रकाश आणि रायबोफ्लेविन मिळून कोलॅजनच्या धाग्यांमध्ये नवे जोड तयार करतात आणि कॉर्निया ताठर होतो. शेवटी एक मऊ लेन्स मलमपट्टीसारखी डोळ्यावर ठेवतात आणि घरी पाठवतात.

त्रास त्यानंतर होतो. बधिरपणा उतरला की पहिली रात्र वाईट जाते. डोळ्यात तिखट गेल्यासारखी आग होते, पाणी थांबत नाही, उजेड सोसत नाही. दोन-तीन दिवसांत वरचा थर भरून आला की हे ओसरतं, आणि चार-पाच दिवसांनी ती लेन्स काढतात. त्या आठवड्यात आईला पुण्याला बोलावून घे, एकटीनं फ्लॅटवर राहून ड्रॉपांच्या वेळा सांभाळायचा अट्टहास करू नकोस. डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही, केस धुताना मान मागे. कंपनीत आठवड्याची रजा टाक आणि नंतरचे काही दिवस कमी स्क्रीनचं काम मागून घे. पहिला महिना त्या डोळ्याला धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं, आधीपेक्षाही कमी. इथेच पुष्कळ जण घाबरतात आणि ‘डॉक्टरांनी डोळा बिघडवला’ म्हणू लागतात. नजर साधारण तीन ते सहा महिन्यांत मूळ जागी येते, म्हणून त्या आधी नवा चष्मा करू नकोस.

धोके आहेत, तेही सांगते. जखम भरेपर्यंत जंतुसंसर्ग होऊ शकतो. काहींच्या कॉर्नियावर पुसटसा धुरकटपणा राहतो. थोड्या जणांचा आजार तरीही वाढत राहतो आणि पुन्हा करावं लागतं. तिसऱ्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच वेळी डॉक्टरांना गाठायचं. वरचा थर न काढता करायची पद्धतही आहे. तिच्यात दुखणं कमी, पण थर काढून करण्याच्या पद्धतीमागे जितक्या वर्षांचा अनुभव आहे तितका तिच्यामागे नाही. तुझ्या वयात आणि वाढत्या नंबरात मी स्वतः जुनीच पद्धत निवडली असती.

आता वडिलांच्या ‘लग्नानंतर बघू’कडे येते. तुझ्या रिपोर्टातला ४५५ हा आकडा त्यांच्यापुढे ठेव. वरचा थर काढला की त्यातले साधारण ५० मायक्रॉन जातात, उरतात ४०५. मूळ पद्धत सुरक्षितपणे करायला खाली किमान ४०० मायक्रॉन लागतात, नाहीतर अतिनील प्रकाश कॉर्नियाच्या आतल्या पेशींपर्यंत पोचून त्यांना इजा करू शकतो. म्हणजे तू काठावर उभी आहेस. त्याहून पातळ कॉर्नियासाठी वेगळं द्रावण आणि बदललेल्या पद्धती आहेत, पण सरळ मार्ग आज उघडा असताना तो बंद व्हायची वाट कशाला बघायची? आणखी एक. गरोदरपणात काही जणींचा केरॅटोकोनस पुन्हा वाढू लागतो. त्यामुळे लग्नाचा विचार करायचाच, तर हे काम लग्नाआधी उरकणं जास्त शहाणपणाचं.

वडिलांना हे फोनवर पटवायला जाऊ नकोस. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांना म्हण, पप्पांना स्कॅन दाखवा. कॉर्नियाच्या रंगीत नकाशावर खालच्या बाजूला लाल डाग असतो, शेजारी निरोगी डोळ्याचा नकाशा ठेवला की कुणालाही फरक दिसतो. मुलीचा डोळा ‘तसा चांगलाच दिसतो’ म्हणून टाळणारे बाप तो लाल डाग पाहून गप्प होताना मी पाहिलेत.

मावशींच्या सल्ल्याबद्दल मात्र मला कडक बोलायचं आहे. दुसरीकडे लेसर करून घेऊ नकोस. लॅसिकमध्ये, म्हणजे नंबर घालवायच्या नेहमीच्या लेसरमध्ये, कॉर्नियाचा पापुद्रा उचलून आतला भाग घासतात, म्हणजे जो कॉर्निया मुळात पातळ आणि ढिला आहे तो आणखी पातळ करतात. त्यानंतर शंकू झपाट्यानं वाढतो आणि तो आवरणं फार कठीण जातं. पापुद्रा न उचलता करायच्या स्माईल नावाच्या लेसरलाही हाच नियम लागू. तुला नकार देणाऱ्या माणसांनी स्वतःचा धंदा सोडून तुझा डोळा वाचवला आहे. काही ठिकाणी सीथ्रीआरबरोबर अगदी मोजकं लेसर वापरून शंकूचा खडबडीतपणा कमी करतात. ते वेगळं, कॉर्निया पुरेसा जाड असेल तरच चालतं आणि त्याचा हेतूही चष्मा घालवणं नसतो. ४५५ला तो विषय सोडून दे.

काकांना दुखवायचं नाही, हे मला समजतं. डोळ्यांच्या व्यायामानं डोळा हलवणारे स्नायू हलतात, कॉर्नियाला स्नायूच नसतो. तर्पणानं कोरड्या डोळ्याला काही काळ बरं वाटत असेल, पण पातळ झालेला कॉर्निया त्यानं जाड होत नाही. आणि मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस, असलं काहीही डोळ्यात घालू नकोस. सीथ्रीआरच्या आगेमागे तर नाहीच नाही.

दुसरं काम, म्हणजे दिसणं. इथे तुझ्यासाठी चांगली बातमी आहे आणि ती तुला अजून कुणी सांगितलेली नाही. उजव्या डोळ्याला चष्म्यानं ६/१८ दिसतं म्हणजे त्याची मजल तिथेच संपली असं नाही. चष्मा डोळ्यापासून लांब असतो, खडबडीत शंकूचं त्याला काही करता येत नाही. कडक लेन्स, जिला आरजीपी म्हणतात, कॉर्नियावर स्वतःचा गुळगुळीत गोल पृष्ठभाग आणते. मधली फट अश्रूंनी भरते आणि शंकू प्रकाशाच्या दृष्टीनं जवळजवळ नाहीसा होतो. चष्म्यानं वरच्या तीन-चार ओळींपुढे न गेलेली मुलं ट्रायल लेन्स घातल्या घातल्या शेवटच्या ओळी वाचतात. सीथ्रीआरनंतर डोळा शांत झाला, की साधारण महिना-दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणतील तेव्हा, ही ट्रायल आवर्जून माग.

आरजीपी सुरुवातीला टोचते. दोन आठवड्यांत बहुतेकांना सवय होते, पण धूळ गेली की जीव जातो. पुण्यात दुचाकीवरून ऑफिसला जाणाऱ्यांना हा अनुभव रोजचा. त्यांच्यासाठी स्क्लेरल लेन्स जास्त चांगली. ती मोठी असते, कॉर्नियाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते. घालताना तिच्या वाटीत निर्जंतुक सलाइन काठोकाठ भरायचं, मान पूर्ण खाली घालून जमिनीकडे बघायचं आणि लेन्स खालून वर आणून डोळ्याला लावायची. बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा. पहिल्या आठवड्यात अर्धा तास जातो आणि रडू येतं, नंतर मिनिटभराचं काम होतं. किंमत आरजीपीपेक्षा बरीच जास्त आणि बसवणारा माणूस अनुभवी लागतो. फार वेड्यावाकड्या कॉर्नियासाठी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयात प्रोज नावाच्या खास मापाच्या लेन्स बसवतात. तुला तिथवर जावं लागेल असं रिपोर्टवरून वाटत नाही. कुठलीही लेन्स घेतलीस तरी तिला नळाचं पाणी लावायचं नाही आणि ती घालून झोपायचं नाही. नळाच्या पाण्यातल्या अमिबाचा संसर्ग कॉर्नियाला झाला तर तो केरॅटोकोनसहून भयंकर असतो.

बाकीचे पर्याय थोडक्यात सांगते, कारण आज ते तुझ्यासाठी नाहीत. लेन्स अजिबात सोसत नसेल तर कॉर्नियाच्या आत प्लॅस्टिकच्या अर्धगोल कड्या बसवून शंकू थोडा सपाट करता येतो. चेन्नईच्या डॉ. सूझन जेकब यांनी याच कड्या दान मिळालेल्या कॉर्नियापासून करायची पद्धत आणली, तिला केअर्स म्हणतात आणि आता ती बाहेरच्या देशांतही वापरतात. आजार स्थिर झाल्यावर उरलेला नंबर मोठा असेल तर डोळ्याच्या आत लेन्स बसवणं हाही काहींसाठी मार्ग आहे. आणि कॉर्नियावर दाट व्रण पडला, म्हणजे आपण ज्याला फूल पडलं म्हणतो तसं झालं, तर नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवतात. त्यातही आता शक्यतो रुग्णाचा स्वतःचा सर्वांत आतला थर जागेवर ठेवून वरचे थर बदलतात, त्यामुळे शरीरानं नवा कॉर्निया नाकारायची भीती कमी होते. टाके वर्षभर किंवा जास्त राहतात, आणि त्यानंतरही बहुतेकांना चष्मा किंवा लेन्स लागतेच.

खर्चाबद्दल तू विचारलं नाहीस, पण पत्रात तो दिसतो. कॉर्नियाचा विभाग असलेल्या धर्मादाय नेत्ररुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत हा उपचार खासगीपेक्षा स्वस्त पडतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तुझी केस बसते का, ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचार. कंपनीचा विमा असेल तर डॉक्टरांकडून कागदावर ‘वाढत जाणारा केरॅटोकोनस’ असं निदान स्पष्ट लिहून घे, म्हणजे नंबर घालवायच्या लेसरशी त्याची गल्लत होणार नाही.

डाव्या डोळ्याचं काय? त्यावर आज काही करायची घाई नाही, पण ‘लक्ष ठेवणं’ म्हणजे सहा महिन्यांनी त्याच मशीनवर पुन्हा स्कॅन. दोन वेगळ्या मशीनचे आकडे शेजारी ठेवून काही ठरवता येत नाही. आकडे हलले, तर त्याचंही सीथ्रीआर. तुझ्यासारखा नंबर ज्यांचा दर वर्षी बदलतो, वय तिशीच्या आत आहे आणि जे आजवर दुकानातल्या कॉम्प्युटरवर नंबर काढत आले आहेत, त्या सगळ्यांनी एकदा कॉर्नियाचं टोपोग्राफी स्कॅन, म्हणजे त्याच्या आकाराचा तो रंगीत नकाशा, करून घ्यावं. दहा मिनिटांचं काम आहे, दुखत नाही.

स्थळांबद्दल. बायोडाटावर आजाराचं नाव छापायची गरज नाही आणि चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात सगळ्या पाहुण्यांपुढे सांगायचीही नाही. पण एखाद्या मुलाशी बोलणं पुढे सरकलं, की होकाराआधी तू स्वतः त्याला सांग. ‘माझ्या कॉर्नियाचा आजार आहे, तो रोखायचा उपचार झालाय, मी लेन्स वापरते, वर्षातून एकदा स्कॅन असतं, आमच्या मुलांचे डोळे लहानपणी तपासून घ्यावे लागतील.’ एवढंच. लपवलंस तर रोज सकाळी बाथरूमचं दार लावून लेन्स घालावी लागेल, आणि ते किती दिवस जमेल? ज्याला हे ऐकून पाय मागे घ्यावासा वाटेल, त्यानं तो आधीच घेतलेला बरा. ‘आई-वडिलांना कमीपणा’ हा जो मुद्दा तुझ्या वडिलांच्या मनात आहे, त्यामागे त्यांची काळजी आहे हे मी जाणते. पण यात कमीपणा कसला? कुणाच्या चुकीनं झालेला हा आजार नाही.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल. तू ती जाता जाता लिहिलीस. मला मात्र संपूर्ण पत्रात तीच सर्वांत तातडीची वाटली.

तुझा भाऊ १३ वर्षांचा आहे, उन्हाळ्याच्या आणि धुळीच्या गावात राहतो, सारखे डोळे चोळतो आणि त्याच्या सख्ख्या बहिणीला केरॅटोकोनस आहे. केरॅटोकोनस असलेल्या बहुतेकांच्या घरात दुसऱ्या कुणाला तो नसतो हे खरं, तरी सख्ख्या भावंडांना इतरांपेक्षा जोखीम जास्त. त्यात ॲलर्जीची मुलं कशी चोळतात ते बघ. बोटांनी नाही, मुठीच्या सांध्यांनी, बुबुळावर दाब देऊन गोल गोल, आणि झाल्यावर चेहऱ्यावर सुख. ‘चोळू नको’ असं ओरडून ते थांबत नाही, कारण खाज खरी असते. खाजेवरच औषध करावं लागतं.

लहान वयात हा आजार मोठ्यांपेक्षा वेगानं वाढतो. ब्रिटनमध्ये १० ते १६ वयाच्या ६० मुलांवर केरालिंक नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ साली आले. दीड वर्षानंतर, ज्यांचं क्रॉसलिंकिंग म्हणजे सीथ्रीआर केलं होतं त्यांच्यापैकी ७ टक्के मुलांचा आजार वाढला होता, आणि ज्यांना फक्त चष्मा-लेन्स दिली होती त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांचा. म्हणून मुलांमध्ये आजार सापडला की ‘वाढतो का ते बघू’ म्हणत थांबायला अनेक डॉक्टर तयार नसतात.

आणि ते ड्रॉप. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले, घातल्याबरोबर बरं वाटणारे ड्रॉप अनेकदा स्टेरॉइडचे असतात. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी काही लिहिलंय का ते बघ. स्टेरॉइड वाईट औषध नाही, मीही देते, पण मोजून, काही दिवस आणि डोळ्याचा दाब तपासत. महिनोन् महिने घातलं की काही मुलांच्या डोळ्यातला दाब चढतो, ना दुखतं ना लाल होतं, आणि आतली नस वाळत जाते. हा काचबिंदू. गेलेली नस परत येत नाही. कोवळ्या वयात मोतीबिंदूही होतो. तू स्वतःसाठी आंधळेपणाची भीती घेऊन लिहिलंस, पण त्या भीतीचं खरं कारण तुमच्या घरात कुठे असलंच, तर ते त्या बाटलीत असू शकतं.

तर त्याला याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. कॉर्नियाचं स्कॅन, डोळ्याचा दाब, आणि पापणी उलटून ॲलर्जीची तपासणी, या तीन गोष्टी मागायच्या. खाजेसाठी ओलोपॅटाडीनसारखे स्टेरॉइड नसलेले ड्रॉप रोज घालता येतात. जोराची ॲलर्जी असेल तर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस देतात, ते डॉक्टरांच्याच देखरेखीखाली. तोवर खाज आली की थंड पाण्यात पिळलेली घडी मिटल्या पापण्यांवर नुसती ठेवायची, दाबायची नाही. उन्हाधुळीत टोपी आणि गॉगल. पालथं, डोळा उशीत दाबून झोपायची सवय असेल तर ती मोडायची. ही ॲलर्जी बहुतेक मुलांची वयात येता येता ओसरते, म्हणजे मधली थोडी वर्षं सांभाळायची आहेत. आणि हे सगळं तुलाही लागू आहे: ॲलर्जी आटोक्यात नसताना, चोळणं सुरू असताना केलेल्या सीथ्रीआरचा अर्धा फायदा वाया जातो.

तुझी तारीख घेण्यासाठी फोन करशील, तेव्हा त्याच दिवशी भावाच्या तपासणीचीही वेळ माग. पप्पा त्याला घेऊन येतील आणि तुझा स्कॅनही बघतील. त्यांना सांग, घरात ड्रॉपच्या जितक्या बाटल्या असतील, अर्ध्या, रिकाम्या, जुन्या, त्या सगळ्या एका पिशवीत घालून बरोबर आणा.